सीताफळावरचा समीक्षालेख : पहिल्या मसुद्यापासून प्रूफपर्यंत

बीड जिल्ह्यातल्या एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात मी फार्माकॉग्नसी, म्हणजे वनस्पतींसारख्या नैसर्गिक स्रोतांतल्या औषधांचे शास्त्र, शिकवते. २०२३ साली पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावर मार्गदर्शक सरांनी प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्याआधी एक समीक्षालेख, म्हणजे आमच्या बोलण्यातला रिव्ह्यू, लिहून एखाद्या चांगल्या औषधविज्ञान नियतकालिकाकडे पाठवायला सांगितले. विषय शोधावा लागला नाही. माझे माहेर धारूरच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात आहे, तिथे सीताफळ रानोमाळ उगवते आणि २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या झाडाच्या पानांचा मधुमेहावर काय परिणाम होतो यावर भारतात बरेच काम झालेले आहे, तर बियांमधल्या ॲसिटोजेनिन गटातल्या द्रव्यांचा कर्करोगाच्या पेशींवरील परिणाम जगभर तपासला गेला आहे. सामग्री इतकी होती की लेख आपोआप उभा राहील, असे मला वाटले.

पहिला मसुदा तयार व्हायला आठ महिने लागले आणि संदर्भांची संख्या दोनशेच्या वर गेली. प्रत्येक परिच्छेदात अमुक गटाने अमुक साली पानांचा अर्क दिला आणि रक्तातली साखर उतरली, अशी वाक्ये एकाखाली एक रचली होती. लेख पाठवल्यानंतर चौथ्याच दिवशी संपादकांनी तो परीक्षकांकडे न धाडता परत केला. कारण दोन ओळींत होते : या वनस्पतीवर आधीच समीक्षालेख उपलब्ध आहेत, आणि प्रस्तुत लेखात त्यापलीकडचे मूल्यमापन नाही. ते पत्र घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी मसुद्याची दहा पाने शांतपणे वाचली आणि म्हणाले, ''तुम्ही नोंदी नीट केल्या आहेत. पण यातला कोणता अभ्यास विश्वासाचा आणि कोणता नाही, हे तुम्ही मला कुठेच सांगितलेले नाही.'' मला वाईट वाटले, तरी त्यांचे म्हणणे खरे होते. आधीचे समीक्षालेख मी संदर्भांपुरते चाळले होते. त्यांनी कोणता प्रश्न सोडवला आणि कोणता तसाच ठेवला, हे लिहायला बसण्यापूर्वी पाहायला हवे होते.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती एका प्रश्नापासून : सीताफळाच्या पानांचा मधुमेहावरील पुरावा माणसांवर चाचणी घेण्याइतका भक्कम आहे का? प्रश्न ठरल्यावर निम्मी सामग्री आपोआप गळाली. शोधासाठी कोणते शब्द वापरले, ते कोणत्या क्रमाने जोडले, पबमेड आणि स्कोपस या संशोधनलेखांच्या सूचींमध्ये कोणत्या तारखेला शोध घेतला आणि किती लेख कोणत्या कारणाने वगळले, याची नोंद मी एका वहीत ठेवू लागले. पद्धतशीर समीक्षेसाठी प्रिस्मा २०२० ही २७ मुद्द्यांची सूची असते. माझा लेख वर्णनात्मक प्रकारातला असल्यामुळे ती पूर्ण लागू नव्हती; अशा लेखांसाठी सान्रा ही सहा निकषांची पट्टी आहे, त्यात प्रत्येक निकषाला शून्य ते दोन गुण असतात. माझ्या पहिल्या मसुद्याला मी स्वतः त्या पट्टीवर गुण दिले, तेव्हा शोधपद्धतीच्या रकान्यात शून्य आला.

खरी अडचण पूर्ण लेख मिळवण्याची होती. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिके वाचायला देणारी योजना पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांसाठी होती; आमच्यासारख्या खासगी महाविद्यालयाला तिचा थेट लाभ नव्हता. त्यामुळे महिन्यातून दोनदा सकाळच्या एसटीने छत्रपती संभाजीनगरला जाऊन, विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिवसभर बसून, संध्याकाळच्या गाडीने परत येणे हा क्रम मी कित्येक महिने ठेवला. जे लेख तिथेही मिळाले नाहीत, त्यांच्या लेखकांना मी साधे, दोन परिच्छेदांचे ईमेल पाठवले. बहुतेकांनी आठवड्याच्या आत लेख पाठवले, एका ज्येष्ठ संशोधकांनी तर आपल्या जुन्या लेखातली एक चूकही स्वतःहून कळवली. विज्ञानात काम करणाऱ्या माणसांवरचा माझा विश्वास त्या पत्रांनी वाढवला.

पूर्ण लेख हाती आल्यावर मी एक मोठा तक्ता केला, आणि या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग तोच होता असे मी आजही मानते. प्रत्येक अभ्यासासाठी काही प्रश्न ठरवले. पाने कुठली आणि कोणत्या ऋतूतली? वनस्पतीची ओळख कोणी पटवली आणि हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, नमुन्याचा क्रमांक दिला आहे का? अर्क कशात काढला आणि त्यातल्या एखाद्या घटकाचे प्रमाण मोजले का? तुलनेसाठी मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखे प्रचलित औषध घेतलेला गट होता का? रकाने भरत गेले तसे रिकाम्या चौकोनांची संख्या वाढत गेली. ओळख आणि नमुना क्रमांक नसेल, तर तो अर्क सीताफळाचाच होता की रामफळाचा, हे वाचकाला ठरवता येत नाही, कारण दोन्ही झाडे एकाच प्रजातीगटातली आहेत आणि वाळलेल्या पानांचा चुरा डोळ्यांनी वेगळा ओळखणे अवघड असते.

मात्रेच्या रकान्याने तर मला लेखाचा कणाच मिळवून दिला. रॅटला दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिल्याचे अभ्यास अनेक होते. शरीराच्या पृष्ठफळावर आधारलेल्या प्रचलित रूपांतरात रॅटची मात्रा ६.२ ने भागली की माणसाची तुल्य मात्रा मिळते. म्हणजे माणसासाठी दर किलोला सुमारे ६४.५ मिलिग्रॅम, आणि ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी दिवसाला जवळजवळ ३.९ ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम वाळलेल्या पानांतून दहा ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर रोजची ३९ ग्रॅम वाळलेली पाने झाली. हा आकडा मी तीनदा तपासला. एवढी पाने रोज कोण घेणार, आणि घेतली तर यकृताचे काय होईल, हा प्रश्न मूळ अभ्यासांत मला क्वचितच दिसला. माझ्या लेखाला सांगण्यासारखे काही आहे, असे मला पहिल्यांदा त्या दुपारी वाटले.

याच टप्प्यावर आणखी एक धडा मिळाला. संदर्भ मी झोटेरोमध्ये ठेवत होते. मागे घेतलेल्या लेखांवर हे सॉफ्टवेअर लाल पट्टी दाखवते, आणि माझ्या यादीतल्या दोन लेखांवर ती उमटली. त्यातल्या एकाचा निष्कर्ष माझ्या लेखाच्या प्रास्ताविकात ठळकपणे आलेला होता. त्यानंतर लेख पाठवण्याच्या आदल्या दिवशी संपूर्ण यादी पुन्हा तपासणे हा मी स्वतःसाठी नियम केला. साम्यतपासणीबद्दल, म्हणजे मजकूर दुसऱ्या लेखांशी किती जुळतो हे पाहण्याबद्दल, मात्र फार लिहिण्यासारखे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण शब्द बदलून टक्का खाली आणण्यापेक्षा मूळ लेख बंद करून, समजले तेवढे आपल्या वाक्यात लिहिणे हाच सोपा मार्ग आहे.

नियतकालिक निवडताना मी बरीच सावध झाले होते. पैसे भरा आणि सात दिवसांत प्रकाशन घ्या, अशी ईमेल आम्हा शिक्षकांना रोज येतात आणि पदोन्नतीच्या घाईत अनेक जण त्यांना बळी पडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी बंद केल्यावर निवडीची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर आली. नियतकालिक स्वतःबद्दल काय सांगते ते बाजूला ठेवून मी स्कोपसच्या स्वतःच्या यादीत त्याचे नाव शोधले, संपादक मंडळातल्या व्यक्तींच्या विद्यापीठीय पानांवर त्या पदाचा उल्लेख आहे का ते पाहिले, आणि मागच्या दोन वर्षांतले समीक्षालेख वाचले. काही नियतकालिके समीक्षालेख फक्त निमंत्रणानेच स्वीकारतात, हेही तेव्हा कळले. म्हणून आधी गोषवारा पाठवून विचारणा केली आणि होकार आल्यावरच पुढे गेले. लेख सर्वांना मोफत वाचता यावा म्हणून लेखकाने भरायचे मुक्त प्रवेशाचे शुल्क मला परवडणारे नव्हते, पण त्याच नियतकालिकात वर्गणीच्या मार्गाने विनाशुल्क प्रकाशनाची सोय होती.

सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात लेखकांच्या नावांचा प्रश्न उभा राहिला. संस्थेतल्या एका वरिष्ठांनी आपले नाव घालावे असे सुचवले. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत : कामात ठोस वाटा, मसुद्याचे लेखन किंवा चिकित्सक दुरुस्ती, अंतिम स्वरूपाला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. ते चारही पूर्ण व्हावे लागतात. मी ते निकष छापून त्यांच्यासमोर ठेवले आणि आभारात त्यांचा उल्लेख करण्याची तयारी दाखवली. काही दिवस वातावरण अवघड राहिले. तरी त्या निर्णयाबद्दल मला आजही खात्री वाटते. बाकी सादरीकरण, म्हणजे ऑर्किड हा संशोधकाचा ओळख क्रमांक, संपादकांना पत्र, हितसंबंधांचे निवेदन आणि आकृत्यांच्या स्वतंत्र फाइली, हे एका संध्याकाळचे काम होते. आकृत्यांपैकी एक मी दुसऱ्या लेखातून घेणार होते, पण तिच्या परवानगीचे शुल्क मोठे असल्यामुळे ती काढून टाकली आणि माझ्याच तक्त्यावरून नवी आकृती तयार केली.

तीन परीक्षकांचे अहवाल चौदा आठवड्यांनी आले. पहिल्या दोघांच्या सूचना भाषेच्या आणि तक्त्याच्या मांडणीच्या होत्या. तिसऱ्या परीक्षकांनी एकच मोठा आक्षेप घेतला होता : पानांच्या सुरक्षिततेची चर्चा करताना लेखकांनी बियांच्या विषारीपणावर एक शब्दही का लिहिला नाही, जेव्हा ग्रामीण भागात दोन्ही वापरले जातात?

तो प्रश्न वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. माझ्या लहानपणी गावात उवा मारण्यासाठी सीताफळाच्या बिया वाटून केसांना लावत. आजी डोक्याला घट्ट फडके बांधायची आणि दर वेळी बजावायची, ''डोळ्यात जाऊ देऊ नको गं लेकरा, डोळे जातील.'' माझ्या एका मामेबहिणीच्या डोळ्यात तो लेप गेला होता, आणि तिला कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवल्याचे मी पाहिले आहे. हे सगळे माहीत असूनही लेख लिहिताना मला ते आठवले नव्हते, कारण ते मी विज्ञान म्हणून कधी वाचलेच नव्हते. शोध घेतला तेव्हा बियांच्या चुऱ्याने डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्याला इजा झाल्याचे रुग्णवृत्तांत नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकांत सापडले.

याच शोधात ग्वादेलूप बेटावरच्या निरीक्षणापर्यंत पोहोचले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तिथल्या असामान्य पार्किन्सनसदृश आजाराचा संबंध सीताफळाच्या कुळातल्या फळांच्या व पानांच्या काढ्याच्या सेवनाशी असू शकतो, असे मांडले गेले. ॲनोनासिनसारखी ॲसिटोजेनिने पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या पहिल्या संकुलाला अडवतात, आणि कर्करोगाच्या पेशींवर ज्या गुणाची स्तुती होते तोच गुण मेंदूतल्या चेतापेशींना घातक ठरू शकतो. इथे मला शब्द फार जपून वापरावे लागले. तो पुरावा मुख्यतः सोरसॉप या वेगळ्या फळाशी निगडित आहे आणि तो संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. बालाघाटातल्या शेतकऱ्याच्या पिकावर अर्धवट वाक्याने डाग लागू नये, आणि त्याच वेळी वाचकापासून धोका लपूही नये, यासाठी तो एक परिच्छेद मी अकरा वेळा लिहिला. उत्तरपत्रात प्रत्येक आक्षेप जसाच्या तसा उतरवून, त्याखाली केलेला बदल आणि ओळींचे क्रमांक दिले. जिथे सहमत नव्हते तिथे कारणासह तसे लिहिले. पाच आठवड्यांनी लेख स्वीकारल्याचे पत्र आले.

प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, आले तेव्हा मी दिवाळीसाठी माहेरी होते आणि तपासणीला ४८ तासांची मुदत होती. गावात नेटवर्क गच्चीच्या एका कोपऱ्यातच मिळते, म्हणून फाइल तिथे उतरवून घेतली आणि ओसरीवर बसून वाचली. एका तक्त्यात मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम झाले होते, म्हणजे हजारपट फरक. ती दुरुस्ती पाठवून खाली आले, तेव्हा आईने लेखात काय आहे ते विचारले. बियांचा भाग मी तिला मराठीत सांगितला. तिने विचारले, ''हे आपल्या आशाताईला कुणी लिहून दिलंय का?''

त्या रात्री गावातल्या या आरोग्य स्वयंसेविकेसाठी एका कागदावर मी लिहायला सुरुवात केली : सीताफळाच्या बियांचा लेप डोक्याला लावू नये, उवांसाठी आरोग्य केंद्रात औषध मागावे. बियांचा चुरा डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये, ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.