एमजीबीला मागचा अँटी-रोल बार : आपल्या रस्त्यांना १६ मिमी पुरे

माझ्या एमजीबीला, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, मागचा अँटी-रोल बार एकदाचा बसला. हा बार म्हणजे वळणावर गाडी कमी कलावी म्हणून डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधणारा स्प्रिंग स्टीलचा दांडा. पाटे, यू-बोल्ट आणि पाट्यांचे बुश उन्हाळ्यातच बदलून झाले होते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बारचं मात्र सविस्तर लिहितो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना अजून ‘जाड तितका चांगला’ असंच वाटतं.

माझी गाडी १९७१ची, क्रोम बंपरवाली. पुढे १९७४मध्ये रबर बंपर आले तेव्हा कंपनीने गाडी उंच केली, आणि वर रोडस्टरचा (उघड्या टपाच्या गाडीचा) पुढचा बारही काढून टाकला. वळणावर गाडी एवढी कलायला लागली की १९७७च्या मॉडेलला पुढचा बार परत द्यावा लागला आणि मागेही एक आला. म्हणजे मागचा बार हे मुळात त्या उंच गाडीचं औषध. आमच्या बुटक्या गाडीला ते बेतानंच द्यायचं.

बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ ऐवजी १९ मिमी घेतला तर फरक तीनच मिमीचा, पण ताठपणा जवळपास दुप्पट! एमजीबीला मागे अखंड एक्सल, लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारा डिफरन्शियल) नाही. मागचा ताठपणा वाढला की वळणात आतलं चाक हलकं होतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की जागीच फिरतं. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या डांबराच्या लाटा होतात. एका चाकाला बसलेला हिसका बार दुसऱ्या चाकालाही देतो. गुळगुळीत रस्त्यावर १९चा शोभेल, इथे १६.

ब्रॅकेट परतवाड्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून करून घेतले. गाडीखालून डोकावत तो म्हणाला, “भाऊ, गाडी त बराबर चालून राह्यली न, मंग हे काहून लावता?” उत्तर माझ्याकडे होतं, पण लांबलचक होतं. बारचं टोक एक्झॉस्टला जवळ वाटलं तर तापवून वाकवून देतो, असंही त्यानं सुचवलं. ते मात्र कोणी करू नका. स्प्रिंग स्टील तापवलं की त्याचं पाणी उतरतं, मग ती नुसती सळई उरते. आम्ही ब्रॅकेटखाली पॅकिंग घालून बार सरकवला.

ब्रॅकेट बसतात त्या मागच्या बाजूच्या रेल म्हणजे पत्र्याच्या पोकळ पेट्या. आरपार बोल्ट घालून कसला की पेटी दबते आणि बोल्ट पुन्हा ढिला. म्हणून भोकात जाड नळीचा तुकडा घालून दोन्हीकडून वेल्ड केला आणि बोल्ट त्यातून नेला. वेल्डिंगआधी बॅटरी सोडली आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली. यात आळस करायचा नाही. आत मेणाचा फवारा, बाहेर प्रायमर.

बारची टोकं जोडणाऱ्या लिंक शेवटी कसायच्या, तेही गाडी घोडीवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यावर आणि सपाट फरशीवर. दोन्ही लिंकचे बोल्ट हातानं सहज गेले पाहिजेत. एक बाजू पान्ह्यानं ओढावी लागत असेल तर बार आधीच पिळलेला आहे, आणि गाडी डाव्या-उजव्या वळणांना वेगवेगळी वागेल. नंतर पुन्हा जॅकवर घेऊन एक्सल पूर्ण लोंबू दिला. एक्झॉस्ट आणि ब्रेकची नळी कुठे घासत नाही ना ते पाहिलं. बुश रबरी असतील तर साधं ग्रीस नको, रबर फुगतं. सिलिकॉनचं लावा.

चाचणी अर्थात चिखलदऱ्याच्या घाटात. आधी वळणात शिरताना तोंड बाहेर पळायचं, स्टिअरिंग आणखी कापावं लागायचं. आता कापलं तेवढीच वळते, आणि डावं-उजवं लागोपाठ आलं की अंग लवकर सावरते. पिनच्या वळणातून दुसऱ्या गिअरवर जोरात निघालं तर आतलं चाक किंचित घसरतं. १९च्या बारानं काय केलं असतं ते यावरून ओळखा. खाली सपाटीवर एका बाजूचा खड्डा मात्र पूर्वीपेक्षा जास्त जाणवतो, शेपूट इंचभर बाजूला उडी मारते. एवढं मला चालतं.

मागचे लिव्हर शॉकअप आता कमी पडतात, परतीचा झोका आवरत नाही. आधी त्यांचं तेल बदलून बघतो. नाहीच जमलं तर उघडावे लागतील. कोणाकडे त्यांच्या शाफ्टचे सील असतील तर कळवा.