उदगीरचं ग्रंथदालन आणि एक ‘ड’ वर्गाचं वाचनालय

लातूरहून एसटीनं उदगीर गाठलं तेव्हा एप्रिलचं ऊन रणरणत होतं. साल २०२२, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ९५वं, अध्यक्ष भारत सासणे. दोनच वर्षांपूर्वी आजच्या धाराशिवला ९३वं झालं होतं, तरी मराठवाड्यातल्या लोकांचा उत्साह तसूभरही कमी नव्हता. उदगीर सीमेवरचं गाव; बाजारात मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू, उर्दू सहज कानावर पडते. त्याच दिवसांत तिथं या संमेलनाला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही साहित्य संमेलनही होतं. कित्येक जण एका मांडवातून उठून दुसऱ्यात जात होते. मला ते फार भावलं.

भाषणं थोडी ऐकली आणि ग्रंथदालनात शिरलो, तो संध्याकाळपर्यंत तिथंच रमलो. एका स्टॉलवर धोतर-टोपीतले एक काका प्रत्येक पुस्तक मधोमध उघडून शिवण बघत होते.

“नुसतं चिकटवलेलं नको. गावात पंचवीस हातांतनं जायचंय हे.”

काका उदगीरपासून जवळच्याच एका खेड्यात ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातलं, वाचनालय सांभाळतात. खिशातली यादी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेली: पोलीस भरती, शेळीपालन, बायांसाठी कादंबऱ्या, लेकरांसाठी चित्रांची पुस्तकं. सवलतीवरून घासाघीस झाली. मग म्हणाले, “बिल वाचनालयाच्या नावानं करा, तपासणीला लागतंय.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेलो. एकच खोली, लोखंडी कपाटं, टेबलावर वर्तमानपत्रं आणि काकांच्या अक्षरातली दाखलनोंद वही. सकाळी भरतीची तयारी करणारी पोरं जागा अडवतात. दुपारी बाया पोरांच्या हाती चिठ्ठी पाठवून कादंबऱ्या मागवतात. चिठ्ठीत पुस्तकाचं नाव क्वचितच असतं. “मागच्यासारखी, पण जाड द्या” एवढंच.

आपल्याकडं वाचनालयाला जुना मान आहे. निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूतून आणि सभा-संमेलनांवर बंधनं, तेव्हा मराठी वाचायला आणि चार माणसांनी एकत्र बसायला वाचनालयाचाच आधार होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कितीतरी कार्यकर्ते तिथं घडले. पुढं १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, अ-ब-क-ड वर्ग आले, अनुदान आलं. पण ते चालवणाऱ्या माणसांना वेतनश्रेणी काही मिळाली नाही. संमेलनाच्या मांडवावर लाखो रुपये खर्च होतात, ते जरूर व्हावेत. मात्र वर्षभर कुलूप उघडणाऱ्या माणसाच्या पगाराचा ठराव प्रत्येक संमेलनात पहिला यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही मराठवाड्यात फिरायला आलात तर अशा एखाद्या वाचनालयात जरूर डोकवा. पुस्तकं द्यायची असतील तर घरातली रद्दी नेऊ नका, आधी यादी मागा. काकांच्या यादीत सध्या सगळ्यात वर आहेत मोठ्या टायपातल्या कादंबऱ्या. वाचणाऱ्या बऱ्याच बायांना आता चाळिशी लागली आहे.