हजेरीची वही

आमची बॅच १९७५ ची, म्हणजे नव्या दहावीची पहिली. त्याच साली जुन्या अकरावीवालेपण एसेस्सी होऊन बाहेर पडले, त्यामुळे कॉलेजला ही झुंबड, आणि ते लोक अजूनही वाईत भेटले की आम्हाला अर्धे मॅट्रिक म्हणतात. म्हणू देत.

गेट-टुगेदर कृष्णाबाईच्या उत्सवात. वाईत प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा, एक संपला की दुसरा, पुण्या-मुंबईचे तेव्हा तसेही गावी येतातच, मग त्यातलाच एक रविवार धरायचा. सकाळी मेणवलीच्या घाटावर, तिथली ती वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा, वर १७०७ साल असलेली, सगळे दरवर्षी पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघणार. मग पंगत. पंगत झाली की हजेरी.

हजेरी मॉनिटर घ्यायचा, शाळेतला होता तोच. शंभर पानी वही, कव्हर सुटलेलं, नावं रोल नंबरप्रमाणे. आज्ज्या झालेल्या मुली "हजर सर" म्हणायच्या, तो लाजायचा.

वर्गातलं कुणी गेलं की मात्र ग्रुपवर टाकायचा नाही. फोन करायचा, एकेकाला. "जेवलास का? बसलायस ना?" एवढं म्हणला की पोटात गोळाच यायचा. एकदा मी वैतागून म्हणलं अरे टाक की ग्रुपवर, किती जणांना फोन करत बसशील, तर म्हणे, एका बाकावर बसलेल्याला असं मेसेज वाचून कळावं का रे?

तो गेल्याचं आम्हाला ग्रुपवरच कळलं. आषाढात, सकाळी सव्वासातला. वर कुणाचंतरी सुप्रभात आणि कमळ, खाली त्याच्याच नंबरवरून मेसेज, मुलाने टाकलेला, बाबा रात्री गेले, सकाळी अकराला नेणार. नुसतं त्याचं नाव स्क्रीनवर बघून मला वाटलं अरे वा, आज हा चक्क ग्रुपवर! एकाने तर न वाचताच अंगठा दाबला होता, बिचारा नंतर दिवसभर माफी मागत होता. मग हात जोडलेल्यांची रांग लागली, मीही जोडले, दुसरं सुचलंच नाही काही.

यंदा उत्सवात वहिनींनी वही आणून दिली. पंगतीत आमटी वाढेपर्यंत चाळली. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. 'बीपी आहे, जेवणानंतर सांगणे.' 'हिला थेट नको, आधी मिस्टरांना.' 'कमी ऐकतो, मुलाच्या नंबरवर.' कोण काय सोसेल याचा सगळा हिशोब, आणि आम्ही समजत होतो ही नुसती हजेरी.

माझं नाव काढलं. जुना नंबर खोडून नवा, आणि पुढे, 'आधी चिडतो. मग रडतो. फोन ठेवू नये.'