येतं ना? मग म्हण की

आषाढी एकादशीला कोकणातला शेतकरी गुडघाभर चिखलात असतो. लावणी टाकून पंढरपूर गाठणं त्याला परवडत नाही, म्हणून आमच्याकडे कार्तिकीचं अप्रूप जास्त. भात कापून झालेलं असतं, झोडणी उरकत आलेली असते, खळ्याशेजारी पेंढ्याची उडवी उभी राहिलेली असते. मग माणसं मोकळ्या मनाने निघतात. कुणी घाट चढून पंढरपूरला जातं. ज्यांना तेवढे दिवस काढता येत नाहीत त्यांच्यासाठी रत्नागिरी शहरातलं विठ्ठल मंदिर आहे. त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात, आणि कार्तिकीला तिथे मोठी जत्रा भरते.

आमची छोटी दिंडी गणपतीपुळ्याहून निघते ती तिथेच जाते. आरे-वारेच्या रस्त्याने, समुद्र उजव्या हाताला ठेवून, साधारण 25 किलोमीटर. दशमीला पहाटे गणपतीच्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची (पुळ्याला डोंगरच देव मानलेला, त्यामुळे फेरी अख्ख्या डोंगराला), मग चालायला लागायचं. रात्री वाटेत देवळात मुक्काम आणि एकादशीला विठोबाच्या दारात.

या खेपेला मी एक गोष्ट ठरवून निघाले होते. मी शाळेत शिकवते. आमच्या पेशात दिवसभर सांगायचंच असतं, आणि सांगता सांगता माणूस स्वतःबद्दल कधी सांगायला लागतो ते कळत नाही. शाळेला मिळालेलं बक्षीस, स्कॉलरशिपच्या यादीत आलेली मुलं, साहेबांनी केलेलं कौतुक. कुणी चार शब्द बोललं की त्यावर आपले सहा. हे मला नकोसं झालं होतं. म्हणून एवढंच ठरवलं, की ‘मी’ने सुरू होणारं वाक्य तोंडाशी आलं की ते तिथेच ठेवायचं आणि समोरच्याला आणखी एक प्रश्न विचारायचा. मौनबिन नाही. दिंडीत मौन कसलं धरता!

वारकऱ्यांच्या रीतीत खरं तर याची सगळी सोय करून ठेवलेली आहे. भेटेल त्याच्या पाया पडायचं, समोरचा धाकटा की थोरला, कुठल्या आळीतला, काही बघायचं नाही, आणि तोही लगेच वाकून आपल्या पाया पडतो. वीणा एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांना नमस्कार करतात, आणि वीणा खाली ठेवली जात नाही. पंढरपुरात तर नामदेवांनी महाद्वाराची पायरीच जवळ केली, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागावेत म्हणून. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात, त्यांतलं पहिलंच मानाची हाव नसणं आणि दुसरं आपल्या गुणांचा देखावा न करणं. विद्वत्ता, पाठांतर यांचा नंबर तिथे पहिला लागलेला नाही, ही गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार मोलाची वाटते. पण रीत शरीराला वाकवते. जिभेला वाकवायचं काम ज्याचं त्याला करावं लागतं.

दिंडीत एक चाकरमानी होते. दिवाळीला आलेले, एकादशी करूनच मुंबईला परतणार होते. भंडारपुळ्यापासून नेवऱ्यापर्यंत त्यांनी विरारचा फ्लॅट, त्याचा आजचा भाव, मुलाचं पॅकेज, सगळं ऐकवलं. बरोबरचे दोघे हळूच पुढे सटकले. तिसऱ्याने आपल्या भाच्याने ठाण्यात घेतलेल्या दोन फ्लॅटांची गोष्ट काढली. माझ्याही ओठांवर शाळेचं बक्षीस येऊन उभं राहिलंच. ते ठेवलं आणि विचारलं, “दादा, तिकडे सकाळी किती वाजता बाहेर पडता?”

ते जरा थांबले. पहाटेच्या लोकलबद्दल बोलले, मग दुरुस्तीला आलेल्या गावच्या घराबद्दल, आणि मग म्हणाले, “ताई, गावात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न काय असतो? पगार किती झाला? नीट सांगितलं नाही तर म्हणतात, याचं काही खरं नाही.”

हे माझ्या डोक्यात बसलं. आपल्याकडे बढाई मारणाऱ्याची जिरवायची मोठी हौस. चारचौघांत त्याचं तोंड बंद केलं की आपल्याला शाबासकी मिळते. पण त्याला तोंड उघडायला लावलं कुणी? गणपतीला, शिमग्याला घरी आलेल्या माणसाला आपण हिशेब विचारतो आणि त्याने तो चढवून सांगितला की नावं ठेवतो. ज्याला किंमत पटवून द्यावी लागते त्याच्या मनात आधीच धास्ती असते, आणि जिरवल्याने धास्ती वाढते, बढाई आणखी मोठ्या आवाजात परत येते. त्याला एक साधा, खरा प्रश्न विचारला तर निदान त्या घटकेपुरतं त्याला काही पटवून द्यावं लागत नाही. पुढच्या वळणावर दादांनी एका आक्कांच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. नेवऱ्याच्या पुढे फ्लॅटचा विषय निघाला नाही.

आरे-वारेचा चढ लागायच्या आधी तरुण पोरांना सरळ पुढे जायचं होतं. हातातल्या घड्याळात कुणाची किती पावलं झाली याची त्यांची चढाओढ चालली होती. आमच्यात भाजीची पाटी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या एक मावशी होत्या, एरवी कमी बोलणाऱ्या. त्या सुरूच्या झाडाखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता हतंच बसायचं. म्होरं चढाला सावली नाय. ऊन कललं की उठू.” चोपदारांनी लगेच पताका झाडाला टेकवल्या. मावशींनी आपण हा रस्ता किती वर्षं तुडवतोय ते सांगितलं नाही. आवाज चढवला नाही, ‘मला आपलं वाटतं’ असंही म्हटलं नाही. त्यांना माहीत होतं आणि त्या क्षणी ते सगळ्यांच्या कामाचं होतं, म्हणून त्या बोलल्या. आमच्यात दोन सत्तरीच्या पुढच्या आजी होत्या. त्या सावलीत पाय पसरून बसल्या तेव्हा त्यांचे चेहरे लालबुंद झाले होते, आणि ते आधी कुणी पाहिलंच नव्हतं.

मुक्काम खाडीच्या अलीकडच्या एका गावात होता, देवळाच्या सभामंडपात. गावकऱ्यांनी कुळथाची पिठी, भात आणि सार केलं होतं. आमच्या दिंडीचे पखवाजवाले आबा जेवणाआधी एका कोपऱ्यात बसून कणीक मळत होते. चिमूटभर पाणी, पुन्हा मळणं, बोटाने दाबून बघणं. मग ती धुमाच्या, म्हणजे पखवाजाच्या डाव्या, मोठ्या तोंडावर मधोमध गोल थापली, तळहाताने एक थाप मारली, कान लावला, नखाएवढी कणीक काढून टाकली, पुन्हा थाप. समुद्राच्या दमट हवेत चामडं सैल पडतं आणि स्वर उतरतो, म्हणून दुसऱ्या तोंडाकडचे, वादीखाली खोचलेले लाकडी गठ्ठे त्यांनी हातोडीने एकेक करून ठोकत आणले. एवढं मन लावून केलेलं काम बघायला मिळणं हेही वारीतलं दर्शनच.

हरिपाठाची वेळ झाली आणि बुवांचा घसा बसलेला. “कोण उचलतंय?” त्यांनी खुणेने विचारलं. मला हरिपाठ तोंडपाठ आहे. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “छे, माझा कुठला तेवढा आवाज.” आपल्याकडे आधी नाही म्हणायची रीतच आहे. मग चौघीजणी आग्रह करू लागल्या, बुवा हात जोडायला लागले, टाळ घेऊन उभी असलेली माणसं ताटकळली. आबांनी कणकेच्या बोटांनीच माझ्याकडे हात केला. “येतं ना बाय? मग म्हण की. आमी मागून हाव.”

मी म्हटलं. आणि म्हणताना लक्षात आलं की त्या दोन मिनिटांत सगळं देऊळ माझ्याभोवती फिरत होतं. मी स्वतःला लहान म्हणत होते आणि सगळ्यांना माझ्याकडे बघायला लावत होते. आग्रह करवून घेणं हाही मान घेण्याचाच प्रकार आहे, फक्त तो सोज्वळ दिसतो. दिवसभर मी ‘मी’ गिळायचा सराव करत होते, पण गिळणं हे अर्धंच काम होतं. जे येतं ते लागेल तेव्हा सरळ पुढे ठेवणं हे उरलेलं अर्धं, आणि मला तेच जास्त जड गेलं.

हरिपाठानंतर भजन रंगलं. गावातला एक तरुण आपला पखवाज घेऊन आला होता. बसल्या बसल्या त्याने कुठल्या बुवांकडे शिकतो, कुठल्या स्पर्धेत पहिला आला ते सांगून टाकलं. हात खरोखर तयार होता. पण त्याने सुरुवातीपासूनच इतकी दाट लग्गी, म्हणजे भराभर बोलांची झड, लावली की मागे बसलेल्या बायकांचे आवाज बुडाले, टाळ अडखळू लागले. मला वाटलं, आता आबा याला जागा दाखवणार. आबांनी आपला पखवाज मांडीवरून बाजूला ठेवला, टाळ घेतले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. दोन अभंग त्याला नुसता ठेका धरून दिला. मग अभंग संपल्यावर त्याच्याकडे झुकून म्हणाले, “हात गोड हाय रं तुजा. आता ती मागची आजी म्हणते ना, तिचा आवाज तुला ऐकू येईल येवढंच वाजव.”

पोराने मान वर करून मागे बघितलं. आजी कोण ते शोधलं. पुढच्या अभंगात त्याने निम्मे बोल टाकून दिले. आजीचा आवाज बारीक, थोडा कापरा, पण चाल पक्की. तो आता सगळ्यांना ऐकू येत होता, आणि गंमत म्हणजे त्या पोराचा हातही आता जास्त ऐकू येत होता. आबांचं आयुष्य पखवाज वाजवण्यात गेलं आहे. ते त्यांनी त्याला सांगितलं नाही. ‘स्पर्धेत वाजवणं वेगळं आणि भजनात वेगळं’ हेही म्हणाले नाहीत. कौतुक खरं केलं आणि त्याच्या कौशल्याला दुसऱ्या माणसाचं काम लावून दिलं. आमच्या वर्गात हुशारी दाखवणारं एक तरी पोर असतंच. त्याला गप्प बसवायचा सोपा रस्ता मी पुष्कळदा पाहिला आहे. हा दुसरा रस्ता मात्र मी त्या रात्री नीट पाहून ठेवला.

एकादशीला पहाटे काकडा झाला आणि तो पोरगाही पखवाज गळ्यात अडकवून आमच्याबरोबर निघाला. साखरतरच्या पुलावरून जाताना ओहोटी होती, कांदळवनाची मुळं उघडी पडली होती. शिरगाव, परटवणे, आणि मग शहर.

बाजारपेठेत शिरल्यावर गर्दी एकदम अंगावर आली. पुढे एक दिंडी, मागे एक, दोन्ही बाजूंना दुकानं, खेळण्यांच्या पिपाण्या, लाऊडस्पीकर. बुवांचा घसा अजून पुरता सुटला नव्हता. मागच्या टाळकऱ्यांना पुढचं ऐकू येईना, गलक्याबरोबर पोराचा हात पळायला लागला, टाळाच्या ठेक्यावर एकत्र पडणारी पावली मोडली. एक आजी पताकेच्या काठीला अडखळली. तेव्हा आबा पुढे झाले. “दे माज्याकडं. गर्दीत मी सांभाळतो.” एवढंच. विनंती नाही, संकोच नाही, आणि पोराला कमी लेखणंही नाही. पोराने लगेच पट्टा गळ्यातून काढला. आबांनी सगळी नक्षी सोडून दिली. साधा ठेका, सम तेवढी जोरात, शेवटच्या माणसाला कळावी इतकी. थोड्या वेळात टाळ एकत्र आले, पावलं एकत्र पडायला लागली, आणि आम्ही त्या गर्दीतून कुणाला धक्का न लावता देवळापर्यंत पोचलो. दारात आबांनी पखवाज काढून पोराच्या गळ्यात घातला. “घे. आता तू.” विठोबासमोर तोच वाजवत होता.

दर्शन झाल्यावर काहीजण पतितपावन मंदिरात गेलो. भागोजीशेठ कीरांनी 1931 साली स्वखर्चाने बांधलेलं, सगळ्या जातींना उघडं असलेलं देऊळ. चाकरमानी दादांना भागोजीशेठांची सगळी कथा माहीत होती, गरिबीत गेलेल्या बालपणापासून मुंबईतल्या बांधकामांपर्यंत. तोच झोकदार आवाज, तेच हातवारे, फक्त आता दुसऱ्या माणसासाठी. आम्ही सगळे उभे राहून ऐकत होतो, आदल्या दिवशी पुढे सटकलेले दोघेही.

परतीच्या एसटीला वेळ होता. झाडाखाली बसून उकडलेली रताळी आणि कणगरं खात होतो. तो पोरगा आबांच्या समोर उकिडवा बसला आणि विचारलं, “आबा, मी तुमच्याकडे येऊ का शिकायला?”

“ये की. तुळशीची लग्नं उरकू देत, मग ये.” आबांनी रताळ्याचं साल काढून त्याच्या हातावर निम्मं ठेवलं. “आनि काल ती दाट लग्गी घेतलीस ना सुरुवातीला, ती तेवढी मला दाखव. दोन वेळा बघितली, पन डाव्या हाताचं मला उमगलं नाय.”

पोराने रताळं बाजूला ठेवलं आणि मांडीवरच बोल वाजवायला सुरुवात केली, हळू, एकेक बोट दाखवत.