दुखेपर्यंत चाला, असं डॉक्टर का म्हणाले

थोडं चाललं की उजवी पोटरी आवळून यायची, उभं राहिलं की काही मिनिटांत मोकळी व्हायची. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढलं, ते ०.९ च्या खाली आलं. म्हणजे पायाच्या धमन्या अरुंद झाल्या होत्या.

औषधं सुरू झाली आणि सोबत व्यायाम: दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं पूर्ण ओसरलं की पुन्हा चाला. ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, निदान १२ आठवडे. जे केल्याने दुखतं तेच मुद्दाम करायचं, हे मनाला पटेना. कारण विचारलं. डॉक्टरांनी जे समजावलं त्याच्याच बळावर मी पुढचे कंटाळवाणे आठवडे काढले.

प्राणवायू अपुरा पडला की स्नायू त्याच्याविना साखर मोडून ऊर्जा काढतो. मग तिथे लॅक्टेट, आम्ल, अडेनोसिन अशी रसायनं साठतात. अडेनोसिन वेदनेच्या नसा चेतवतं आणि तेच आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या सैलही करतं. म्हणजे ज्यामुळे दुखतं, तेच रक्त बोलावून आणतं! ही गोष्ट मला फार धीर देणारी वाटली.

चालताना रक्ताचा वेग वाढतो, वाहिनीच्या आतल्या अस्तराला ते जोरात घासून जातं आणि अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. हा वायू क्षणात विरतो, पण तेवढ्यात वाहिनी रुंदावतो. त्याचं हे काम शोधून काढणाऱ्यांना १९९८ चं नोबेल मिळालं. धूम्रपानाने तो घटतो, नियमित चालण्याने अस्तराची तो बनवण्याची ताकद सुधारते.

तिसरी गोष्ट सावकाश घडते. एचआयएफ नावाचं प्रथिन पेशी एरवी सतत मोडून टाकते. प्राणवायू कमी पडला की ते टिकतं आणि नव्या केशवाहिन्या फुटायला लावणारी जनुकं चालू करतं. पेशींची ही जाणीव उलगडणाऱ्यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

शेवटी गुणोत्तर पुन्हा मोजलं, तर जवळपास तेवढंच. चालण्याचं अंतर मात्र खूप वाढलं होतं. डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. सरावलेला स्नायू मिळेल तेवढ्या प्राणवायूत जास्त काम काढतो.

एक मात्र कळकळीने सांगतो. बसल्या जागी किंवा रात्री झोपेत पाऊल दुखू लागलं, जखम भरेनाशी झाली, तर हा व्यायाम रेटायचा नाही, लगेच डॉक्टर गाठायचे. मी रोज तळपाय आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहतो.