ॲपवरची टॅक्सी, अपघात आणि भरपाई देणार कोण

पुण्यात मोटार अपघाताच्या दाव्यांचे काम करताना अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो: "वकीलसाहेब, गाडी ॲपवरून बोलावली होती, मग कंपनीवरच केस करता येईल ना?" प्रश्न रास्त आहे. भाडे ॲपवर ठरते, चालक ॲप पाठवते आणि गाडीचा मालक कोण हे प्रवाशाला ठाऊकही नसते. तरीही भरपाईची रक्कम बहुतेक वेळा हाती येते ती त्या अनोळखी मालकाच्या विमा कंपनीकडून. म्हणून कंपनीचा विषय मी थोडा मागे ठेवतो आणि पक्षकाराला आधी विचारतो की गाडीची नंबरप्लेट कोणत्या रंगाची होती.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि कलम 147 नुसार भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनाच्या विम्यात आतल्या प्रवाशांची जोखीम धरणे सक्तीचे आहे. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरे असली, किंवा गाडी विजेवरची असून हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरे असली, तर प्रवाशाची बाजू इथेच बरीचशी भक्कम होते. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाडे घेऊन प्रवासी नेत असेल तर मात्र विमा कंपनी हमखास हरकत घेते की पॉलिसी खासगी वापरासाठी होती आणि अटीचा भंग झाला. शिवाय केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्या खासगी गाडीत आत बसलेल्यांची जोखीम धरलेली नसते. अशा वेळी भरपाईचा बोजा मालकावर येतो आणि मालकाकडून वसुली करायची म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते.

चालकाच्या परवान्यावरची हरकत पूर्वी फार चालत असे. हलक्या वाहनाचा परवाना आहे, पण व्यावसायिक वाहनाची वेगळी नोंद नाही, एवढ्यावर विमा कंपनी हात झटकू पाहत असे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनांसाठी हा वाद मिटवला. टक्कर दोन वाहनांची असेल, तर चूक टॅक्सीची किती आणि ट्रकची किती या वादातही प्रवाशाने अडकायचे कारण नाही. खेन्येई प्रकरणातील 2015 च्या निकालाप्रमाणे दोन्ही चालकांच्या निष्काळजीपणाने जखमी झालेल्या तिऱ्हाईत व्यक्तीला संपूर्ण भरपाई त्यांपैकी कोणत्याही एका बाजूकडून मागता येते. आपसातली वाटणी त्यांची त्यांनी करावी.

आता ॲप कंपनीकडे वळू. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात ॲग्रिगेटरची, म्हणजे ॲपवरून प्रवासी आणि चालक जोडून देणाऱ्या कंपनीची, व्याख्या आली आणि कलम 93 नुसार त्याला परवाना घेणे बंधनकारक झाले, पण गाडीचा मालक म्हणजे सर्वसाधारणपणे नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच, हे सूत्र बदललेले नाही. कंपनीचे म्हणणे असे की आम्ही केवळ प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देतो. त्याला उत्तर म्हणून राजस्थान परिवहन महामंडळाविरुद्धच्या कैलाशनाथ कोठारी प्रकरणातील 1997 चा निकाल हाताशी आहे. तिथे बस भाड्याने घेतलेली होती आणि चालकही बसमालकाने नेमलेला होता, पण प्रत्यक्ष ताबा व नियंत्रण महामंडळाचे असल्याने महामंडळही जबाबदार ठरले. भाडे कोण ठरवतो, फेरी कोण देतो आणि तारांकन घसरले की चालकाला कामावरून बंद कोण करतो, या प्रश्नांची उत्तरे नियंत्रणाकडेच बोट दाखवतात. माझ्या मते युक्तिवाद सबळ आहे, आणि फेरीची नोंद कंपनीकडेच असल्याने तिला सामनेवाला करून घेणे फायद्याचेही ठरते. मात्र पक्षकाराच्या उपचारांची बिले या एका मुद्द्यावर टांगून ठेवू नयेत.

रक्कम कशी ठरते, याबद्दल लोकांच्या मनात भलत्याच कल्पना असतात. समजा, 34 वर्षांची स्वतंत्र व्यवसाय करणारी व्यक्ती महिन्याला 40,000 रुपये कमावते आणि अपघाताने तिची कमावण्याची क्षमता कायमची 20 टक्क्यांनी घटली. वर्षाचे उत्पन्न 4,80,000. प्रणय सेठी प्रकरणातील 2017 च्या निकालाप्रमाणे भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवले की 6,72,000 होतात. सरला वर्मा प्रकरणातील 2009 च्या तक्त्यानुसार या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, 16, म्हणून 1,07,52,000 आणि त्याचे 20 टक्के म्हणजे 21,50,400 रुपये. उपचारांचा खर्च, वेदना आणि बुडालेले दिवस यांची रक्कम वेगळी. खरी झुंज असते ती त्या 20 टक्क्यांवर, कारण डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातील टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राजकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हेच सांगितले: डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळजवळ संपते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. त्यामुळे पक्षकार रोज नेमके काय काम करत होता, हे साक्षीत तपशिलाने यावे लागते आणि प्राप्तिकर विवरणपत्रे नसतील तर उत्पन्न सिद्ध करतानाच निम्मी शक्ती खर्ची पडते.

कागदांपैकी सर्वांत आधी नाहीशी होते ती ॲपमधली पावती. तिच्यात गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, निघण्याची वेळ आणि मार्ग असतो, तेव्हा स्क्रीनशॉट घेऊन तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवावा. रुग्णालयात दाखल करताना "पाय घसरून पडलो" असे चुकूनही लिहून देऊ नये, रस्ता अपघात अशीच नोंद करून घ्यावी, कारण उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील त्या पहिल्या ओळीवरच बोट ठेवतात. मे 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत नियुक्त रुग्णालयात पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात, ही गोष्ट नातेवाइकांनी स्वतःहून विचारावी.

पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि तपशीलवार अहवाल 90 दिवसांत मोटार अपघात दाव्यांचा निकाल करणाऱ्या न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला की नाही याची चौकशी ठाण्यात जाऊन करावी. कलम 166 खालील भरपाईच्या अर्जाला 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी त्या भरवशावर थांबू नये. अर्ज अपघात जिथे झाला तिथेच करावा लागतो हा समजही चुकीचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ जखमी झालेला नाशिकचा रहिवासी नाशिकच्या न्यायाधिकरणात दावा लावू शकतो, आणि काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला दर तारखेला पनवेल गाठावे लागत नाही.