दारात येऊन बसणारी कुत्री घरची झाली त्याची गोष्ट

ती पहिल्यांदा पायरीवर येऊन बसली तेव्हा मी तिला हाकलले होते, हे आधीच कबूल केलेले बरे. दुसऱ्या दिवशी ती त्याच वेळी, त्याच पायरीवर हजर होती. भुंकणे नाही, अंगचटीला येणे नाही. दाराकडे तोंड करून नुसते बसणे. आठवड्याभरात तिच्यासाठी पाण्याचे भांडे बाहेर गेले, पंधरवड्यात खाण्याचेही गेले, आणि महिना संपता संपता एखाद्या सकाळी ती दिसली नाही की मीच रस्त्यावर डोकावू लागले.

गळ्यात पट्टा नाही म्हणजे कुत्री बेवारस, असा माझा सरळ समज होता. ज्या पशुवैद्यांना मी फोन केला त्यांनी तो तिथेच खोडून काढला. पट्टा तुटतो, निसटतो, कोणी काढूनही घेते. शिवाय ‘बस’ म्हटल्यावर बसणारी कुत्री कोणीतरी शिकवलेली असते. काही आठवडे खाऊ घातल्याने जनावर आपले होत नाही, तेव्हा आधी तिचे कोणी आहे का ते पाहा, असे त्यांनी बजावले आणि एक साधा उपाय सांगितला: जोराने ओढल्यास फाटेल अशी कागदी पट्टी तिच्या गळ्यात सैलसर बांधायची आणि तिच्यावर ‘ही कुत्री आपली आहे का?’ एवढा प्रश्न व आपला फोन क्रमांक लिहायचा.

दोन दिवसांत दोन फोन आले. मागच्या गल्लीतल्या एक आजी म्हणाल्या, “अगं, ती रोज संध्याकाळी आमच्याकडे असते, आम्ही तिला राणी म्हणतो.” दुसऱ्या घरातली मुले तिला दुपारी खायला घालत होती. म्हणजे जिच्या उपासमारीच्या काळजीने मी महिनाभर हळहळत होते, ती दिवसातून तीन घरी जेवत होती! मालकी मात्र दोघांपैकी कोणाचीच नव्हती.

त्यानंतर तिला दवाखान्यात नेले. तिथे स्कॅनर खांद्यांवरून, मग पुढच्या पायांवरून सावकाश फिरवण्यात आला, कारण कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप कधी कधी मूळ जागेवरून सरकते. तिसऱ्या फेरीत यंत्र वाजले आणि पडद्यावर 15 आकडी क्रमांक उमटला. चिप कुत्र्याचा ठावठिकाणा सांगते असे अनेकांना वाटते, मलाही वाटत होते. प्रत्यक्षात तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या वस्तूत ना बॅटरी असते ना पत्ता, असतो तो केवळ एक क्रमांक. माणसाचे नाव त्या क्रमांकाच्या नोंदणीत असते, आणि ती नोंद कोणी अद्ययावत ठेवली नसेल तर शोध तिथेच अडतो. आमचाही अडला, कारण नोंदीतला फोन बंद होता. नोंदणी ठेवणाऱ्यांनी मालकाची माहिती मला दिली नाही, ते योग्यच होते, पण माझा निरोप मालकाच्या ईमेलवर पोहोचवण्याची तयारी दाखवली.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस मला सर्वांत जड गेले, कारण मालक सापडू नये असे वाटत होते आणि तसे वाटण्याची लाजही वाटत होती. कुत्रीला असे रस्त्यावर सोडणाऱ्या माणसाला काय काय सुनवायचे, याची तयारी मी करून ठेवली होती. फोनवर त्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “तिचा डावा कान अजून वाकलेलाच असतो का?” दूर राहायला जाताना त्यांनी तिला एका ओळखीच्या माणसाकडे सोपवले होते आणि ती तिथे सुखात आहे असे त्यांना कळवले जात होते. माझी सारी वाक्ये तोंडातच राहिली. तिला परत नेणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी हस्तांतराचे पत्र लिहून दिले, चिपची नोंद माझ्या नावावर करण्यास संमती दिली आणि जुने लसीकरणाचे कागद पाठवले. त्या कागदांतच तिच्या नसबंदीची नोंद निघाली. मालक शोधला नसता तर आम्ही तिला त्याच शस्त्रक्रियेसाठी पुन्हा भूल द्यायला निघालो असतो.

तपासणीत ताप निघाला, 40 अंश सेल्सिअस. कुत्र्यांचे शरीर आपल्यापेक्षा मुळातच उष्ण असते, पण साधारण 39 च्या आसपास. कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या होत्या. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी दिसल्या आणि गोचिडीतून होणाऱ्या एर्लिकिया संसर्गाचे निदान झाले. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे द्यायच्या होत्या. आठवड्याभरातच ती टवटवीत दिसू लागली आणि गोळ्या थांबवण्याचा मोह मला झाला. ती चूक मी केली नाही, याचे श्रेय पशुवैद्यांच्या दरडावणीला आहे. जंतांचे औषध दोन आठवड्यांनी पुन्हा दिले. रेबीजची आणि इतर रोगांची लस मात्र ती बरी होईपर्यंत मुद्दाम लांबवली.

आजारापेक्षा बंद दार तिला अधिक अवघड वाटले. दिवसभर मनाला येईल तिथे जाणाऱ्या जिवाला आपण आत घेतो आणि कडी लावतो, यात आपल्याला माया दिसते. तिला कडी दिसत असावी. पहिल्या रात्री ती दाराशी बसून कण्हत राहिली. अंगणातही दोरी सोडू नका, अशा कुत्र्यांना कुंपणाची प्रत्येक फट ठाऊक असते, असे सांगितलेले असूनही नवव्या दिवशी मी दोरी सोडली आणि ती नाहीशी झाली. तासाभराच्या शोधाशोधीनंतर सापडली ती आजींच्या पायरीवर, संध्याकाळच्या ठरल्या वेळी.

त्या दिवसापासून संध्याकाळचा फेरा आम्ही दोरीसह तसाच ठेवला आहे. तीन घरांच्या जेवणाने तिची कंबर दिसेनाशी झाली होती, म्हणून आजींनी घालायचा घासही मीच तिच्या दिवसभराच्या वाट्यातून मोजून डबीत घेऊन जाते. आजी ती डबी नाराजीने उघडतात आणि “राणी, एवढंच गं?” असे माझ्याकडे बघून म्हणतात. चिपच्या नोंदीत तिचे जुनेच नाव आहे, आमच्या घरात तिसरेच पडले आहे. तिन्ही नावांना ती कान टवकारते. डावा मात्र अर्ध्यातच वाकतो.